फार स्वच्छ रणगाडा

३१ ऑगस्ट, रविवार. न्यूनेन

किट आलं! ब्रिटिश रणगाडा, पस्तीसपट लहान केलेला. दुसऱ्या महायुद्धात जे रणगाडे आमच्या या डच प्रांतातल्या, ब्राबांतच्या रस्त्यांवरून गेले, त्या जातीचा. डबा उघडून नुसता बघत बसलो.

गेल्या वर्षीचं डोक्यातून जात नाही. हेंक, आमच्या मॉडेल क्लबचा परीक्षक, माझ्या रणगाड्याभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाला, "ते स्खोन." फार स्वच्छ. चार महिन्यांच्या कामावर दोन शब्द! या माणसाच्या मिशीत कायम चीजचा कण अडकलेला असतो, आणि हा मला स्वच्छतेबद्दल सांगणार. सुवर्ण गेलं क्लबमधल्याच चंद्रहासला. डेल्फ्टला संशोधन करतो म्हणे. शर्टाला इस्त्री नाही, चपलेला पट्टा नाही. अशा माणसाला घाण जमणारच. त्यात कसली कला?

यंदा ५ ऑक्टोबरला प्रदर्शन आहे. अख्ख्या ब्राबांतमधला सगळ्यात मळका रणगाडा माझा असेल.

आई दोन आठवड्यांपूर्वी पुण्याहून आली आहे. नोव्हेंबरात परत, सहकारनगरच्या फ्लॅटवर, एकटी. बाबा गेल्यापासून तशीच राहते. डब्याकडे बघून म्हणाली, "कुणासाठी रे हे खेळणं?" म्हटलं, माझ्यासाठी. "बरं," म्हणाली. त्या "बरं"मध्ये काय काय होतं ते मला कळतं.

३ सप्टेंबर

चाकं घासली. प्रत्येक चाकाच्या कडेला साच्याची रेघ असते, ती काढावी लागते. मंजूषा म्हणाली, "दिसणार आहे का कुणाला?" दिसणार नाही म्हणून घासायचं नाही, हे बायकोचं तत्त्वज्ञान. बँकेचं सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करते. ती बँक कशी चालते देव जाणे.

आई शेजारी येऊन बसली. "हे काय करतोयस?" रणगाडा. "कुणासाठी?" काल हेच, परवा हेच. जन्मभर शाळेत गणित शिकवलं तिने. उत्तर पसंत पडलं नाही की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, ही तिची जुनी पद्धत. वर्गातली पोरं रडायची. मी रडणार नाही. मीही तेच उत्तर देतो.

७ सप्टेंबर, रविवार

चंद्रहास जेवायला आला. मंजूषाने बोलावलं, मला न विचारता. मी रणगाडा वरच्या खोलीत लपवला. या माणसाचे डोळे चोराचे आहेत.

आईने आमटी केली होती. मीठ दोनदा पडलेलं. तोंडात घालवेना. आणि हा लाचार माणूस वाटी पुढे करून म्हणतो, "काकू, अशी आमटी पाच वर्षांत खाल्ली नाही." खाल्ली नसेलच. कोण खाणार? आईला मात्र खरं वाटलं. दिवसभर हसत होती.

मंजूषा नंतर म्हणाली, "आईंचं काहीतरी बिनसलंय." इथल्या मिठाचं बिनसलंय. पिठासारखं बारीक, हाताला अंदाज येत नाही.

१२ सप्टेंबर

चाकांवरच्या पट्ट्यांचे दुवे एकेक करून चिकटवले. जगात सहनशील माणूस एकच. तो मी.

१५ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसातून आलो तर दारात समोरची डच बाई, आणि तिच्या दंडाला धरून आई. आई फिरायला गेली होती आणि घर सापडेना. दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी बागेत बाकावर बसून राहिली होती. बाई मला मोठ्या आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं सांगत होती, आईला एकटीला सोडू नका. इंडियन दिसला की यांना शिकवण्याची हौस येते.

आधी घरं बघा म्हणावं तुमची. तीच वीट, तीच खिडकी, खिडकीत त्याच दोन फुलदाण्या. मी स्वतः पहिल्या वर्षी दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावली होती. या देशात हरवला नाही असा माणूस एक तर डच, नाहीतर खोटारडा.

आईला म्हटलं, फोन का नाही केलास? म्हणाली, "तुझा नंबर बदलला ना." कुठे बदलला? पण चूक कबूल करायची तिच्या स्वभावातच नाही. बाबा नेहमी सांगायचे.

रात्रीच्या आत हिरवा रंग मारून घेतला. रंग फवारणारा एअरब्रश आज एकदाही शिंकला नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

आता खरं काम. वेदरिंग. नवाकोरा रणगाडा जुना, वापरलेला, चिखलात लोळलेला दाखवायचा. स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून कडांवर टेकवायचा, म्हणजे रंगाचे टवके उडाल्यासारखे दिसतात. फटींमधून पातळ काळा रंग सोडायचा. मग गंजाचे ओघळ. मग धूळ. मग चिखल.

आई बघत होती. जीव तुटत होता तिचा. "अरे, एवढा छान रंगवलास आणि आता गंज लावतोस? नव्या वस्तूला?" समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा, "पण कुणासाठी रे हे?"

मी स्पंज पुन्हा रंगात बुडवला.

२४ सप्टेंबर

चिखलाच्या तीन बाटल्या मागवल्या. हो, चिखल विकत मिळतो, बाटलीत. "युरोपियन माती, ओली", "युरोपियन माती, वाळलेली" आणि "शरद ऋतू". क्लबच्या ग्रुपवर मी ब्राबांतच्या चिखलाची नेमकी छटा कोणती ते विचारलं, तर हेंकने अंगठा पाठवला. प्रश्नाला अंगठा! अशी माणसं परीक्षक होतात.

मंजूषाने पुन्हा विषय काढला. "आईंना एकदा हाऊसआर्ट्सला दाखवूया. त्यांनी आज मला अमृता म्हणून हाक मारली. दोनदा." अमृता माझी मावसबहीण. बायका साड्या नेसल्या की सगळ्या सारख्याच दिसतात, म्हटलं. मंजूषा जीन्समध्ये होती. आणि हाऊसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, काय करणार? गेल्या वर्षी माझा खांदा धरला होता, पॅरासिटामॉल. मंजूषाला चक्कर आली, पॅरासिटामॉल. इथल्या डॉक्टरला तुटलेला हात नेऊन दाखवला तरी तो पॅरासिटामॉल आणि कोमट पाणीच सांगेल. आईला काय देणार, पॅरासिटामॉल?

"सत्तावीसचा पाढा विचार तिला," मी म्हटलं. "झोपेत म्हणेल." मंजूषा ओट्याकडे वळली. वाद हरली की ती भांडी लावायला घेते.

२८ सप्टेंबर, रविवार

झाला. पट्ट्यांपासून टोपणापर्यंत चिखल. मलाच हात लावायला किळस वाटते. चंद्रहास, गेलास.

१ ऑक्टोबर, बुधवार

लिहवत नाही इतका संतापलो आहे. तरी लिहितो.

आज खंडेनवमी. घरी आलो तर देवासमोर पाट, पाटाभोवती रांगोळी, पाटावर मंजूषाचा लॅपटॉप, सायकलची किल्ली, स्वयंपाकाची सुरी, आणि मधोमध माझा रणगाडा. हळदकुंकू लावलेला, तोफेत झेंडू खोचलेला. आणि लख्ख! भांड्यांच्या साबणाने घासलेला. गंज नाही, धूळ नाही, युरोपियन माती ओली नाही, वाळलेली नाही, शरद ऋतू नाही. खेळण्याच्या दुकानातून आत्ता आणल्यासारखा.

वार्निश रविवारीच मारायला हवं होतं, चिखल पक्का बसला असता. शनिवारसाठी ठेवलं. ही एक चूक.

आई कौतुकाची वाट बघत उभी होती. "शस्त्र आहे ना रे. मळकं शस्त्र पूजेला ठेवत नाहीत." बाबांचं भोसरीला वर्कशॉप होतं. दर खंडेनवमीला आई त्यांचे पाने-पकडी रॉकेलने घासून चकचकीत करायची, शाळेतून दमून आली तरी. ते ठीक होतं. ते पाने होते!

मी ओरडलो. म्हणालो, तुला अक्कल आहे का? महिनाभर बघतेयस, रोज तोच प्रश्न विचारतेयस, डोक्यात काही शिरतं का? माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. मंजूषाने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "बास," एवढंच म्हणाली.

आई पाटासमोर बसून राहिली. आरती राहिलीच.

२ ऑक्टोबर, दसरा

आईने इथल्याच कुठल्यातरी झाडाचं पान सोनं म्हणून हातावर ठेवलं आणि म्हणाली, "अंबू, तोंड का उतरलंय? ऑफिसात काही झालं का?"

काही घडलंच नाही असा चेहरा! माफी मागायची नाही तर नको मागू, पण हे नाटक कशाला? पान खिशात घातलं आणि वर गेलो.

दुरुस्ती सुरू केली. पण टवके, ओघळ, धूळ, चिखल, प्रत्येक थर वाळायला वेळ लागतो. रविवारपर्यंत गंजापर्यंतच पोचेन. चिखलाच्या बाटल्यांमध्ये तळाशी नुसती खरवड उरली आहे. नव्या बाटल्या सोमवारी येणार म्हणे.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी खाली आलो तर मागचं दार उघडं. आई बागेत, पावसात, नुसत्या स्वेटरवर, छत्री न घेता, उकिडवी बसलेली. पुढ्यात रणगाडा. वाफ्यातली ओली माती बोटांनी त्याला फासत होती. चाकांत, पट्ट्यांत, पुढच्या पत्र्यावर, अगदी मन लावून.

मला बघून ओशाळली. "मंजूषा म्हणाली, तुला तो मळकाच हवाय. मला आठवत नाही रे मी कधी धुतला. पण धुतला असेल. आता बघ, पुरे का?"

 म्हटलं, आत ये, सर्दी होईल. तिचे हात गार पडले होते. मंजूषाने ते गरम पाण्याने धुतले. मी रणगाडा हीटरजवळ ठेवला. दुसरा इलाजच नव्हता.

पुढच्या पत्र्यावर तिचा अंगठा उमटला आहे. रेषांसकट. वाळल्यावर पुसून काढू म्हटलं. राहिलं.

५ ऑक्टोबर, रविवार

प्रदर्शन. शेजारच्या गावातला हॉल, कॉफी नेहमीसारखी भिकार.

हेंक माझ्या टेबलापाशी थांबला. वाकला. चष्मा काढून पुन्हा वाकला. "अखेर चिखल," म्हणाला. "हाच तो. कुठल्या कंपनीचा?" म्हटलं, माझं स्वतःचं मिश्रण आहे. दोन आठवडे मी छटा विचारत होतो आणि ही छटा माझ्या मागच्या दाराशी पडली होती!

चंद्रहासने मात्र लगेच बोट ठेवलं. "अंबरीश, हा अंगठा पुसायचा राहिला का रे? या मापात तो तीन फुटांचा होतो. राक्षसाचा." आणि टोपणाच्या फटीतलं कुंकूही दिसलं त्याला. चोराचे डोळे. म्हटलं, आईचा आहे. तर हा म्हणतो, "मग राहू दे." माझ्या रणगाड्यावर मला परवानगी देणारा हा कोण?

सुवर्ण पुन्हा त्यालाच. आणि कशाला? हिवाळ्यातला पांढराशुभ्र रणगाडा, एक डाग नाही! यंदा स्वच्छ चालतं. मला रौप्य. हेंकने हात मिळवला तेव्हा मिशीत चीज होतंच.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कुठे गेला होतास?" आणि मग, रणगाड्याकडे बघून, "कुणासाठी रे हे?"

पुढच्या वर्षी प्रदर्शनाच्या आठवड्यात आईला मंजूषाच्या बहिणीकडे नायमेखनला ठेवायचं. आत्ताच ठरवून टाकलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसातून आलो. रणगाडा ओट्यावर, धुतलेला, लख्ख. अंगठाही गेला.

दसरा होऊन आठवडा झाला.

आई टॉवेलने एकेक चाक टिपत होती. खुशीत होती. म्हणाली, "अंबू, उद्या खंडेनवमी ना. बाबांचे पाने कुठे ठेवलेस रे? तेवढेच घासायचे राहिलेत. ते वर्कशॉपमधून यायच्या आत करून टाकते."

टॉवेलचं दुसरं टोक धरलं. म्हटलं, हो आई, उद्याच. मी झेंडू घेऊन येतो.