पुलुवातला कोणाच्या घरी

२ एप्रिल
आज दुपारी मामा "चल" म्हणाला, आणि सगळं बदललं! गुआमचं कॉलेज अर्ध्यात टाकून आमच्या बेटावर, सातावालला परतलो, तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. मामा बोलतो – टोमणेच. "कॉलेज बुडवलंस, होडी तेवढी बुडवू नकोस." पण नेतोय! पूर्वेचा वारा नरमला की पुलुवात. बेनिताचं बेट.

दोन वर्षं ती वर्गात माझ्या शेजारी बसली. वर्षापूर्वी घरी गेली, ती परत आलीच नाही. जायचं, तिच्या आईसमोर बसायचं, मागणी घालायची. बस्स.

४ एप्रिल
निघालो. आईनं विणलेलं एक वस्त्र बोचक्यात घेतलंय, बेनितासाठी. आईला विचारलं नाही.

बेनिताचं सांगितल्यावर मामानं सुकाणूपाशी विचारलं, कोणाची पोरगी? मी बापाचं नाव सांगितलं. बापाचं काय घेऊन बसलास, म्हणाला – तिच्या आईचं कूळ कोणतं? मी भडकलो. गुआममध्ये असलं कोणी विचारत नाही म्हणालो. तिथे वहीवर बापाचंच नाव असतं.

मामानं शिडाची दोरी ताणून बांधली, मग म्हणाला,

"पुलुवातला उतरल्यावर तुला घरी कोण नेणार? आपल्याच कुळाचे. बेट कुठलंही असो, पोरा, एका कुळाची ती भावंडं. तू विचारायला हवं होतंस."

 मी होडीच्या बाजूच्या उलांडीवर जाऊन बसलो.

५ एप्रिल
होडीतलं पाणी उपसून हात सोलवटले. संध्याकाळी वाटेतलं पिकेलोट बेट दिसलं. माणूस नाही, नुसते पक्षी.

६ एप्रिल
वारा उलटा. मामा म्हणतो, थांबायचं. मी म्हणालो, भितोस काय? तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याचंच वाईट वाटतंय आता.

९ एप्रिल
पुलुवात. अख्खं गाव किनाऱ्यावर. बेनिता दिसली नाही – पोरी अळूच्या वाफ्यांत होत्या म्हणे. मामानं रिवाजाप्रमाणे आमची कुळं मोठ्यानं सांगितली. गर्दीतून एक बाई पुढे आली. माझा हात धरला.

"हा माझा. माझ्या बहिणीचा लेक."

हात ऊबदार होता. जेवायला कुठे यायचं ते तिनं सांगितलं. ती गेल्यावर मी शेजारच्या म्हाताऱ्याला नाव विचारलं. बेनिताची आई, म्हणाला.

मामाकडे पाहिलं. तो शीड गुंडाळत होता. मान वर केली नाही त्यानं.

होडीघरात पडलोय. झोप नाही.

१० एप्रिल
गेलो. न जाणं म्हणजे त्या बाईचा अपमान. चटईवर बसलो. भाजलेला नीरफणस घेऊन बेनिता आत आली आणि मला पाहून थबकली. तिच्या चेहऱ्यावर आनंद आला – मी पाहिला तो.

"सातावालचा तुझा भाऊ," तिची आई म्हणाली.

बेनिता क्षणभर तशीच उभी. मग भावापुढे वाकतात तशी कमरेत वाकली, नजर जमिनीला. नीरफणस माझ्यापुढे ठेवला.

भाऊ-बहिणीनं एका छपराखाली बसायचं नाही, हा रिवाज. वस्त्र चटईवर ठेवलं. बहिणीसाठी, म्हणालो. बाहेर आलो. दार ओढून घेतलं.