हायकूत ‘मी’ नको

छ. संभाजीनगर
पौष, शनिवार

आण्णा, इथूनच तुमच्या आणि आईच्या पाया पडते.

आम्ही बरे आहोत. यांची शेंद्र्याची नोकरी नीट चालू आहे. थंडी लई आहे. आईच्या गुडघ्यांना तीळतेल लावता ना?

तुम्ही सांगितल्याप्रमाणं रोज एक हायकू लिहिते. गॅलरीच्या गजांतून समोरचा निंब दिसतो, त्याच्यावरच. शांतता तर इथं भरपूर. हे कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतात. चोऱ्या वाढल्यात म्हणं. माझा फोनही दुरुस्तीला नेलाय, अजून आणला नाय. काळजी नको. भाजीवाल्या मावशींसाठी दोरीनं पिशवी खाली सोडते, तिच्यातूनच हे पत्र पाठवतेय.

हायकूत ‘मी’ येऊ द्यायचा नाही, असं तुम्ही शिकवलं होतं. आजवर पाळलं. आज मात्र हे उतरलं:

कुलूप दारी
बाहेर थंड वारा
आतमध्ये मी

रागावू नका. शेतात हुरडा आला असेल ना? तेवढं निमित्त काढून मला न्यायला या. लासूरहून तासाभराची तर वाट. पण रविवारीच या, आण्णा. त्या दिवशी दार उघडं असतं.

तुमचीच,
मंजुषा