बसला बांधलेली घुंगुरमाळ

नाना, आज देवपुरात आमच्या नव्या वसाहतीपर्यंत बस वाढवावी म्हणून सभा होती. हात वर करायची वेळ आली आणि माझा हात काही केल्या उचलेना. शेजारीण म्हणाली, "अहो, तुमच्याच तर दारात येणार आहे बस!" तिला काय सांगू? मला तुमचा हात दिसत होता.

टांगा स्टँडने तुम्हाला नगरपालिकेत निवडून दिलं, तरी तुम्ही टांगा सोडला नव्हता. सकाळी घोडीला खरारा, दुपारी कोट चढवून सभेला. मग तो ठराव आला. पांझरा नदीच्या पुलावरून देवपूरपर्यंत बस न्यायला नगरपालिकेने पाठिंबा द्यायचा. देवपूरची सवारी म्हणजे स्टँडची भाकर. पण टांगा भरल्याशिवाय निघत नसे, आणि आम्ही कॉलेजच्या मुली संध्याकाळी पलीकडे, देवपुरात कॉलेजसमोर ताटकळत उभ्या. घरी यायला अंधार पडतो म्हणून शेजारच्या मुलीचं कॉलेज तिच्या वडिलांनी बंद केलं होतं. मला तुम्ही वेगळं आणलं असतं तर स्टँडची पाळी मोडली असती, आणि पाळी मोडणं तुमच्या रक्तात नव्हतं. आता नंबर माझा, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

सभेच्या आदली संध्याकाळ. आई भाकरी थापतेय, तुमचं ताट तसंच पडलंय.

"बठ्ठा टांगावाला आपलाच शेतस," आई म्हणाली. "त्यास्ना पोटवर पाय देशात?"

"आनि पोरले घर बसाडू?" तुम्ही म्हणालात.

"मी सोडते कॉलेज," मी म्हणाले.

"तू गप बस!" तुम्ही असे ओरडलात की बाहेर घोडीने पाय आपटले. तुमचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आई मात्र शांतपणे म्हणाली, "करा जे करनं शे ते. पन आगोदर त्यास्ले तोंडवर सांगा."

तुम्ही तसेच उपाशी उठलात, स्टँडवर जाऊन सांगून आलात. दुसऱ्या दिवशी टांगेवाले हातात चाबूक घेऊन नगरपालिकेच्या आवारात उभे होते. कोणी घोषणा देत नव्हतं, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. खिडकीतून तुमचा हात वर जाताना सगळ्यांनी पाहिला.

एवढ्यावरही ते निवळले असते, असं मला अजून वाटतं. पण पहिली बस हार घालून स्टँडसमोर आली तेव्हा तुम्ही घोडीच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडलीत आणि बसच्या पुढच्या जाळीला बांधलीत. हीसुद्धा आपल्यातलीच, तिला सांभाळून घ्या, एवढंच तुम्हाला म्हणायचं होतं. मला ते लगेच कळलं, कारण मी तुमची मुलगी. पण आपल्या स्टँडवर घुंगुरमाळ उतरते ती घोडा मेल्यावरच. एक म्हातारा टांगेवाला पुढे आला. "आमना घोडा मरी ग्यात का, नाना?" तुम्ही गाठ सोडायला गेलात तोवर बस हलली होती.

त्यानंतर स्टँडवर तुम्हाला पाळी कोणी दिली नाही. तुम्ही रोज जायचात, रांगेच्या शेवटी उभे राहायचात, आणि संध्याकाळी रिकामे यायचात. घोडी दारात आलेली आम्हाला कळतही नसे. दुसरी माळ तुम्ही तिला घातलीच नाही. का, ते मला विचारायचं होतं. हिंमत झाली नाही.

तुम्हीही मला एक गोष्ट कधी विचारली नाहीत. बस कशी आहे, हे. त्या पहिल्या दिवशी कॉलेजहून परत येताना मी बसच्या खिडकीशी बसले होते. समोर तुमची घुंगरं वाजत होती, पूल केव्हा मागे पडला कळलं नाही, आणि दिवेलागणीच्या आत मी घरी होते. तुम्ही ओट्यावर मान खाली घालून बसला होतात, म्हणून मी तोंड पाडूनच आत शिरले.

आज सभेत शेवटी मी हात वर केला, सगळ्यांचे खाली आल्यावर. हा कागद आता तुम्हाला पाठवायचा तरी कुठे, घडी करून कपाटात ठेवते आहे. बस मला फार आवडली होती, नाना.