कॅमेरा कुठल्या गावचा?

मेहरूण, जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

फाटकाचं वायफायवालं कुलूप म्हणतं, सकाळी सहाला उघडलं. कॅमेरा म्हणतो, रात्री साडेबाराला. थंडीतला अंधार दोन्ही वेळी सारखाच. माझ्या मुलाचा विश्वास कॅमेऱ्यावर. राखणदार नानांना काढायलाच निघाला. नाना एवढंच म्हणाले, "भाऊ, रातले मी फाटक उघाडंच नही."

मी डोळे मिटून रेकॉर्डिंग नुसतं ऐकलं. त्यात शेजारच्या अक्का भाकरी थापत होत्या. साडेबाराला कोण भाकरी थापतं? म्हणजे कुलूप खरं, फरक साडेपाच तासांचा. पण बरोबर साडेपाचच का? मुलानं सेटिंग उघडलं, तर कॅमेरा लंडनच्या वेळेवर. विकत घेतल्यापासून तसाच असेल का?

मुलानं खाली जाऊन माफी मागितली. नाना हसले, "त्या कॅमेराले बी सांगा, तू जळगावमा शे."