गाडीखालून तीन ठोके

सोमवार, ४ मार्च

नोकरी लागली! खोलीसुद्धा गॅरेजच्या वरच मिळाली, म्हणजे जिना उतरला की कामावर हजर. बस्तान बसलं की बायकोला आणीन.

मालकांनी आल्या आल्या परीक्षा घेतली. एका खडखडणाऱ्या इंजिनापुढे मला उभं केलं. मी लांब पेचकस काढला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून सांगितलं की टॅपेट सैल आहे. निघालं तेच. मालकांनी पाठ थोपटली आणि तिथल्या तिथे माझं नाव 'कानसेन' ठेवलं.

माणसं मोजकीच. मालक, एक रंगारी आणि फोन सांभाळणाऱ्या वहिनी. वहिनी म्हणजे मालकांच्या धाकट्या भावाची बायको. तो भाऊ इथलाच मेकॅनिक, गेल्या वर्षी काम करताना जॅक बसून गाडीखाली चिरडून गेला. वहिनी कामापुरतं बोलतात.

रंगाऱ्याने इथली एक रीत शिकवली. गॅरेजच्या गोंगाटात गाडीखालून कितीही ओरडा, वर कुणाला ऐकू जात नाही. म्हणून पान्याने ठोकायचं. एक ठोका म्हणजे पाना द्या, दोन म्हणजे दिवा धरा, तीन म्हणजे जॅक वाढवा, मला बाहेर काढा. फक्त हवेचा कॉम्प्रेसर धडधडत असला की ठोकेही त्यात बुडतात. धाकट्या मालकांनी बसवलेली पद्धत आहे म्हणे. मला भारी आवडली.

बुधवार, ६ मार्च

मालकांची स्वतःची करडी गाडी माझ्या गळ्यात पडली आहे. शनिवारी ती विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार, त्याआधी इंजिनातली ठकठक गेली पाहिजे. आधीच्या तीन मेकॅनिकनी हात टेकले होते, हे मालक आज सांगतात.

मला वाटलं, बेअरिंग गेलंय. आमची साधी युक्ती असते. चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढून बघायची. जी काढल्यावर ठोका मंदावतो, तिथे चोर. पहिली काढली, दुसरी काढली, काही फरक नाही. मग चिडून सगळ्याच काढल्या आणि इंजिन बंद पडलं.

ठोके पडतच राहिले. तीन, मग थांबून परत तीन.

गरम लोखंड निवताना वाजतं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि जेवायला गेलो. जेवण गेलं नाही.

गुरुवार, ७ मार्च

ऑइलचा चेंबर उतरवला. बेअरिंग नवंकोरं. पिस्टन ठीक, चेन ठीक. सगळं परत बसवलं तरी ठोका आहे तिथेच.

मालकांनी गिऱ्हाइकांसमोर माझा पेचकस हिसकून भिरकावला. उंटावरचा शहाणा म्हणाले, आणि वर विचारलं की हे कान आहेत की सुपाचे तुकडे. लोक फिदीफिदी हसले. मी पेचकस उचलून पुसला. बायको म्हणते माझा स्वभाव डूख धरणारा आहे. आहेच, आणि मला त्याची लाज नाही.

पण त्या रागातच एक सुचलं. वायरी काढल्या तशी माणसं काढून बघावीत. रंगाऱ्याला चहा आणायला पाठवलं, ठोका चालूच. वहिनींना फाटक लावायला सांगितलं, ठोका चालूच. तेवढ्यात मालक फोन घ्यायला आत गेले.

थांबला.

मालक परत आले. तीन ठोके.

आणि मालकांनी इंजिनाकडे बघितलं नाही. कॉम्प्रेसरकडे बघितलं.

शुक्रवार, ८ मार्च

वहिनींना विचारलं. वाटलं रडतील. रडल्या नाहीत, वर्षभर पाठ केल्यासारखं सांगितलं.

गाडी हीच. धाकट्याला वेगळं गॅरेज काढायचं होतं, त्यावरून दोघा भावांत रोजची धुसफूस. त्या दिवशी तो खाली होता. वहिनींनी तीन ठोके ऐकले. उठायला लागल्या तर मालक म्हणाले, बस, एकच ठोका होता, पाना मागतोय, मी देतो. गेले. पण गाडीपाशी नाही. कॉम्प्रेसर सुरू केला आणि वर चहा प्यायला गेले.

वहिनी बसून राहिल्या, थोरल्या दिरावर विश्वास ठेवून; ते वर गेले होते हे त्यांना नंतर कळलं.

त्या म्हणाल्या की ठोका काढू नका. तो बरोबर माणसाला हाक मारतोय.

भीती वाटली. पण खरं सांगायचं तर आनंदही झाला. खाई त्याला खवखवे. खवखवू दे मेल्याला.

शनिवार, ९ मार्च

गिऱ्हाईक यायचंय. ठोका सकाळपासून मोठा. मालक घामाघूम. मला ढकललं, म्हणाले आपला हात जगन्नाथ. गाडी नुसत्या जॅकवर. टेकू लावतो म्हणालो तर अक्कल शिकवू नकोस म्हणाले आणि शिरले खाली. रंगारी सुट्टीवर. मी वहिनींच्या टेबलाशी बसून हे लिहि—

जॅक बसला.

कुणी हात लावला नाही. मी बघत होतो. हळूहळू, दमादमाने, कुणीतरी मुद्दाम सोडावा तसा—

ओरडले नाहीत. छातीवर गाडी असल्यावर ओरडता येत नसावं.

तीन ठोके. पान्याचे. हे खरे.

वहिनी उठल्या. मला वाटलं जॅककडे— नाही. कॉम्प्रेसर सुरू केला. मग फाटकाबाहेर जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या.

आता आत मी एकटा. जॅकचा दांडा समोर. मला कुणी धरलेलं नाही.

परत तीन. कॉम्प्रेसर सुरू असूनही ऐकू येतंय. माझे कान चांगले आहेत—

आता दोन जागांहून. खालून पाना. आणि इंजिनातून, आतून— हा ठोकतो, तो उत्तर देतो—

गिऱ्हाइकांसमोर हसवलंस ना मला. ठोक. अजून एकदा ठोक, मग उठतो—

ठोकलं.

अजून एकदा.

पाना हळू झालाय. इंजिनातला नाही. तो जोरात, जवळून, आणि आता मलाच हाक मारतो—

उठलोच. एवढं वाक्य पुरं करतो आणि उठ—