घराखालची जमीन

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि मी पहिल्यांदाच लिहितेय, तेही भीतीपोटी. आज सकाळी पत्र आलं. आपल्या घराखालची जमीन विकली गेली. भाडेपट्टा पुढच्या वर्षी संपतो आणि नवा मालक तो वाढवून देणार नाही; करारातल्या कलमानुसार ते त्याच्या मर्जीवर आहे. घर उचलून न्या, नाहीतर तसंच सोडून जा!

इथे ख्राइस्टचर्चला लाकडी घरं ट्रकवर घालून नेतात, हे बघून तुम्ही किती खूश झाला होतात. पण न्यायचं कुठे, बाबा?

पुण्यात जपानी शिकलेले तुम्ही निवृत्तीनंतर आमच्या डायनिंग टेबलवर युद्धाआधीच्या ओसाकातले जमिनीचे करार वाचत बसायचात. जमीन एकाची, वरचं घर दुसऱ्याचं. शहर वाढलं, भाव चढले की मालक जमीन विकायचा आणि नवा मालक जुना करार मानायचा नाही. माणसं आपलं घर आपल्याच हातांनी उतरवायची. अशा विक्रीला तिथे भूकंप म्हणत, हे तुम्ही खरा भूकंप भोगलेल्या आमच्या शेजाऱ्यांना रंगवून सांगायचात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हे घर घेतलं तेव्हा तुम्ही माझाही करार वाचायला मागितलात. एकदा नाही, तीनदा. पुण्यात फ्लॅट घेताना खालच्या जमिनीचं कोण विचारतं, म्हणून मी उडवून लावलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "मनू, तू स्वतः वाचलास ना?"

"हो बाबा, सगळा."

खोटं होतं ते. वकीलबाई फोनवर कलमं समजावत होत्या तेव्हा मी गाडी चालवत होते आणि नुसतं येस, येस म्हणत होते. तुमचा जावई समीर तेव्हा कामासाठी ऑकलंडला. त्याने डोळे झाकून माझ्यावर विश्वास ठेवला. तुम्हीही ठेवलात. का ठेवलात हो? तेव्हा थोडं रागवायचं तरी!

शाळेत जाताना इराने विचारलं, "आई, व्हॉट्स दॅट लेटर?" मी विजेचं बिल म्हणून सांगितलं. आपली खोली जाणार, हे त्या पोरीला कसं सांगू?

दिवसभर पत्र मसाल्यांच्या कपाटात लपवतेय आणि पुन्हा काढून वाचतेय. समीर यायची वेळ झाली.

तुम्हाला वचन देते, चहा टाकायच्या आधी पत्र त्याच्या हातात देईन आणि करार मी वाचलाच नव्हता, हेही सांगेन. तुमच्यापाशी कबूल करणं सोपं होतं, बाबा. तुम्ही आता काही बोलणार नाही. तो बोलेल.

तुमची,
मनू