आईपास

७ मार्च

आईला दोन नंबर आठवले, तिसरा गेला! दिसायला देखणा होता, शेवटी ६८६८९. पण ६८६८ च्या पुढे आईची गाडी सरकेना. 'पुढे काहीतरी होतं रे, आठ की नऊ.' झालं! गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईकही असंच म्हणणार आणि भलत्यालाच फोन लावणार. स्वस्तातल्या डब्यात टाकला.

माझ्यासोबत खोलीत राहणारा रंगारी विचारत होता, तू दिवसभर नक्की करतोस काय. म्हटलं, फोन कंपनीकडून नंबरांचे गठ्ठे येतात. त्यातले लक्षात राहणारे निवडायचे आणि धंदेवाल्यांना जादा भावाने विकायचे. वेबसाईटची नावंही तशीच — दुसऱ्या कुणी घ्यायच्या आत शेठ घेऊन ठेवतो, मग ज्याला हवं तो येतो हुडकत. रंगारी म्हणाला, 'म्हणजे तू हवा विकतोस. मी निदान रंग तरी विकतो.' हसलो. खरंच आहे की.

शेठ म्हणतो नंबर डोळ्यांनी निवडू नकोस, जिभेने निवड. कागदावर सगळेच राजबिंडे. म्हणून मी आईवर तपासून बघतो. दुपारच्या सुट्टीत मागच्या जिन्यात बसून फोन लावायचा, नंबर सांगायचे — एकदाच — आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे. आईने शाळेची पायरी चढलेली नाही. तिला राहिला तर जगाला राहिला. मी तरी सातवीतून पळालेला, पण माझं डोकं आता आकड्यांनी बाटलंय.

१० मार्च

नळ जोडणारा आला होता. त्याला गाडीवर लिहायला नंबर हवा, आणि त्यात बायकोची जन्मतारीख हवी. शेठने विचारलं, नळ फुटल्यावर फोन तुमची बायको करणार का? नळवाला म्हणाला, नाही, पण तारीख विसरलो की घरात जे फुटतं ते मला जोडता येत नाही. सगळं दुकान हसलं. शेवटी मी काढलेला घेऊन गेला. शेठने त्याला सांगितलं, 'हा आईपास आहे, डोळे झाकून न्या.' नळवाल्याला काही कळलं नाही, पण मान हलवली.

आईपास! आता दुकानात सगळे तसंच म्हणतात. आईला सांगितलं. तिला आवडलं असावं, कारण गप्प झाली.

१५ मार्च

आई लगेच उत्तर देत नाही. 'थांब हं' म्हणते. मग एकेक आकडा, विहिरीतून पोहरा ओढावा तसा. आणि नेमकं त्याच वेळी मागून बाबांचं खोकणं. खुर्ची सरकवणं. घरात दुसरी खोली नाही का या गृहस्थांना? आई आठवायला बसली की हे शेजारी हजर!

आमचं बोलणं नाही. मी निघालो त्या दिवसापासून नाही. त्यांना वाटत होतं मी त्यांच्या शेजारी मशीनवर बसावं, शिवण शिकावं. मला एका जागी बसवत नाही, कधीच बसवलं नाही. मी म्हणालो, दुसऱ्यांच्या कपड्यांना काजं करत मला मरायचं नाही. ते म्हणाले, 'मग आजपासून मला एक मुलगीच.' हातातली कात्री खालीसुद्धा ठेवली नाही. आख्ख्या गावाची मापं घेतली, माझं माप काही त्यांना कधी सापडलं नाही.

आज आई मध्येच म्हणाली, त्यांच्याशी बोलतोस का. देऊ का फोन. मी म्हणालो, 'त्यांचं काही बरंवाईट झालं तरी मला कळवू नकोस. मी यायचा नाही.'

जास्त बोललो का? बोललो. पण खोटं नाही बोललो.

१६ मार्च

सगळे बरोबर सांगितले. कालच्या बोलण्याचं नाव नाही. आई ती आईच.

२२ मार्च

पाच दिले होते, पाचही आले!! शेठने चहा पाजला. म्हणाला, तुझ्या आईला पगारावर घेऊ आणि तुला काढू.

२९ मार्च

आईने फोन उचलला नाही. कालही नाही.

१ एप्रिल

उचलला एकदाचा. आवाज बसलेला. सर्दी आहे म्हणाली. मागचे नंबर विचारले तर म्हणाली, कुठले? म्हटलं जाऊ दे, ताजे घे. तीन सांगितले. तिने नीट ऐकलेसुद्धा नाहीत बहुतेक.

२ एप्रिल

तिन्ही गेले. असतो एकेक दिवस.

५ एप्रिल

परत तेच. एक तर अगदी पायरीपायरीने चढणारा होता — दोन, चार, सहा, आठ! तोही नाही. 'थांब हं'सुद्धा म्हणाली नाही, सरळ 'नाही रे आठवत.' आता आईपास नाही म्हणजे नाही. नियम तो नियम. स्वस्तातल्या डब्यात.

शेठ डब्याकडे बघून नुसता भुवया वर करतो.

९ एप्रिल

आज बोलणी खाल्ली. तो पायऱ्यांचा नंबर एक दलाल मातीमोल भावाने घेऊन गेला आणि समोरच्याच गल्लीत दाताच्या डॉक्टरला चढ्या भावाने विकला. डॉक्टरने बोर्डही लावला. दुकानातून दिसतो. शेठ दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, 'काय रे, तुझी आई सुट्टीवर गेली का?'

असा संताप आला. आईवर नाही, नंबरावर! खोलीवर आलो आणि रंगाऱ्याला सगळं सांगितलं, नंबरासकट. तो ब्रश धूत होता. धुवून, पुसून, उलटे उभे करून ठेवले, आणि मग तो नंबर मला आख्खा म्हणून दाखवला. एकदाच ऐकला होता त्याने.

मग म्हणाला, 'नंबरात खोट नाही रे.'

एवढंच. जेवण गेलं नाही.

१० एप्रिल

नंबर दिले नाहीत आज. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, आई, काल काय केलंस दिवसभर? म्हणाली, 'आठवत नाही रे.' म्हटलं सकाळी? 'तेच आपलं.' मग एकदम — 'तू कधी येतोस?'

मी जिन्यात बसून राहिलो. सुट्टी संपली तरी.

आणि मी तिला नापास करत होतो. दिवसामागून दिवस, आकडे विचारून, नियम तो नियम म्हणून. गाढव! आई विझत चाललीय आणि मी डब्यात नंबर टाकतोय.

११ एप्रिल

ताईला फोन केला. तिचं सासर आमच्या घरापासून जवळच, रोज जाते. म्हटलं, आईला काय झालंय? डॉक्टरला दाखवलं का? ताई म्हणाली, 'धाकट्या, फोनवर काय सांगू. तू ये.' म्हटलं निदान सांग तरी, मला ओळखेल ना? ती रडायला लागली. मग म्हणाली दूध उतू जातंय आणि फोन ठेवला.

ताईच्या घरचं दूध नेमकं माझ्याच फोनला उतू जातं. ताकास तूर लागू देत नाही.

बाबांना विचारावं असं क्षणभर वाटलं. एकाच छपराखाली राहतात, त्यांना दिसत असेलच. पण त्यांनी इतक्या दिवसांत स्वतःहून कळवलं का? नाही. बायको विसरत चालली तरी यांची मान ताठ.

१४ एप्रिल

शेठकडे रजा मागितली. टॅक्सीवाल्यांचं मोठं काम आलंय — नंबर आणि वेबसाईटचं नाव, दोन्ही जोडीने. गिऱ्हाईक रस्त्यात उभं, हातात सामान, डोक्यात घाई — अशा माणसाला सुचलं पाहिजे असं काहीतरी हवं. शेठ म्हणाला, हे संपव आणि जा. मी म्हणालो, आईला आता काही लक्षात राहत नाही. शेठ उठला, खुर्चीभोवती एक फेरी मारली, परत बसला. म्हणाला, 'मग आधी एक काम कर. सगळ्यात सोपा नंबर काढ आणि तू घे. तिला तुला फोन लावता आला पाहिजे. मी पैसे घेणार नाही.'

शेठ असं बोलेल असं वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल

दिवसभर नंबर चाळले. दुसऱ्यांसाठी एका बैठकीत ढीग काढतो. जोड्या, पायऱ्या, आरशातले, शून्यांचं शेपूट. सगळे आईच्या आवाजात म्हणून पाहिले. कुठलाच बसेना. शेवटी एक सापडला, सलग सात आकडे सारखे. वाटलं, याहून सोपं देवालाही जमायचं नाही. दुपारी तिला सांगितला. म्हटलं आई, हा माझा होणार, एवढा एकच धर.

१६ एप्रिल

'नाही रे आठवत.'

नंबर शेठला परत दिला. लक्षात राहणारे नंबर निवडतो मी. विसरणाऱ्या माणसाला कुठला द्यायचा ते कुणी शिकवलं नाही.

१७ एप्रिल

जातो. टॅक्सीवाल्यांचं काम अर्धं टाकून. शेठ म्हणाला जागा धरून ठेवायचं वचन देत नाही. बरोबर आहे त्याचं, त्यालाही दुकान चालवायचंय. रंगाऱ्याने त्याची चांगली बॅग दिली. 'तिने नाही ओळखलं तर भांडू नकोस,' म्हणाला. 'पाहुणा म्हणून जेव आणि शेजारी बस.'

१९ एप्रिल

बसमध्ये. अक्षर हलतंय. घरी कोण म्हणून उभं राहायचं ते मनात घोकतोय. 'आई, मी तुझा धाकटा.' नको, तिला भीती वाटेल. आधी नुसतं पाणी मागावं. वाटसरू मागतो तसं. मग बघू.

बाबा दारात असले तर? बाजूने निघून जाईन. मी आईसाठी चाललोय.

२० एप्रिल

आईनेच दार उघडलं. म्हणाली, 'किती वाळलास! आणि ही बॅग कुणाची?'

पाणी मागायचं राहूनच गेलं.

आईला सगळं आठवतंय. एकूण एक. आकडे मात्र तिला कधीच राहत नव्हते. मी सांगायचो तेव्हा बाबा फोनला कान लावून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी शेजारी खुर्ची ओढून तिच्या कानात एकेक सांगायचे. 'माझं नाव घेऊ नकोस' अशी त्यांची तिला तंबी होती. मार्चअखेर त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? माझ्या जिवाला केवढा घोर लावलास.

आई त्यांच्या हनुवटीवरून ओघळलेली पेज पुसत होती. वर बघितलं नाही. 'माझ्यासाठी आलास. यांच्यासाठी आला असतास?'

संध्याकाळपर्यंत त्यांच्या खाटेपाशी बसलो. ते बघत होते, मी बघत होतो. त्यांना आता बोलता येत नाही. मला येतं. तरी नाही बोललो.